बादलीतील बाग : पाण्याला वाट हवी

घरातील जुनी बादली सहसा एकाएकी टाकून दिली जात नाही. तिचा कान तुटतो, तळाला चीर जाते, कड झिजते; मग ती मोरीतून अंगणात येते आणि अंगणातून अडगळीत जाते. रंगकाम झालेल्या इमारतीच्या आवारात रिकाम्या बादल्यांची रांग लागलेली असते. मिठाईची दुकाने, खानावळी आणि मंगल कार्यालये यांच्याकडे दही, तेल, लोणचे यांच्या मोठ्या बादल्या नित्य रिकाम्या होत असतात. या बादल्या भंगाराच्या भावाने सहज मिळतात. जागेची टंचाई असलेल्या शहरातील सज्जात, फरसबंदी केलेल्या शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायत कार्यालयाच्या ओसरीवर त्यांतून चांगली परसबाग उभी राहू शकते.

अशा बागा अनेक ठिकाणी हौसेने सुरू होतात. जून महिन्यात बादल्यांत माती भरली जाते, रोपे लावली जातात आणि काही दिवस हिरवेगार दृश्य दिसते. परंतु श्रावण सरेपर्यंत त्यांतील कितीतरी रोपे पिवळी पडून माना टाकतात. मातीला आंबूस वास येतो आणि 'बादलीत झाड जगत नाही' असा निष्कर्ष काढून बादल्या पुन्हा अडगळीत जातात. वस्तुतः दोष बादलीचा नसतो, रोपाचाही नसतो. बादलीत आलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट ठेवलेली नसते, एवढेच त्याचे कारण असते. बादली ही मुळात पाणी धरून ठेवण्यासाठी बनविलेली वस्तू आहे. तिची कुंडी करावयाची म्हणजे तिचा हा मूळ गुणधर्मच बदलावा लागतो.

बादलीतील माती वेगळी का वागते?

शेतातील जमिनीत पडलेले पाणी खाली मुरत जाते. त्याच्या खाली आणखी माती असते आणि ती माती वरचे पाणी ओढून घेते. बादलीतील मातीला मात्र तळ असतो. पाणी खाली उतरते, तळाशी पोहोचते आणि तेथे थांबते. तळाला भोके असली तरीही मातीच्या बारीक पोकळ्यांतील काही पाणी बाहेर पडत नाही. दिव्याच्या वातीत तेल ज्या शक्तीने वर चढते, त्याच केशाकर्षणाच्या शक्तीने माती हे पाणी धरून ठेवते. परिणामी प्रत्येक कुंडीच्या तळाशी पूर्ण ओल्या मातीचा एक थर राहतोच.

या थराची उंची मातीच्या कणांवर अवलंबून असते, भांड्याच्या उंचीवर नाही. चिकण मातीत तो जाड असतो, भरड मिश्रणात पातळ असतो. म्हणूनच उथळ ताटलीवजा भांड्यात भरलेली माती तळापासून वरपर्यंत चिंब राहते आणि तीच माती उंच बादलीत भरली तर वरच्या भागात मुळांना हवा मिळते. साधारण ३५ सेंटिमीटर उंचीची २० लिटरची बादली या दृष्टीने उथळ कुंडीपेक्षा सरस ठरते.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवावा आणि तळहातांवर आडवा धरावा. थोडे पाणी गळेल आणि मग गळणे थांबेल. आता तोच स्पंज लांबीच्या बाजूने उभा करावा. थांबलेले पाणी पुन्हा गळू लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच. केवळ उंची वाढली म्हणून खाली येणारे पाणी वाढले. गळणे दुसऱ्यांदा थांबल्यावर स्पंजचा वरचा भाग व खालचा भाग बोटांनी दाबून पाहिल्यास तळाशी साचलेल्या ओलाव्याचा थर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कळून येईल.

मुळांनाही श्वासोच्छ्वासासाठी प्राणवायू लागतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की तो मिळणे जवळजवळ बंद होते, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानलेल्या रोपासारखेच सुकलेले दिसते. ते पाहून माळी आणखी पाणी घालतो. 'अति तेथे माती' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

बादलीची निवड

सर्वच बादल्या भाजीपाल्यासाठी योग्य नसतात. कीटकनाशके, तणनाशके, आम्ल किंवा औद्योगिक रसायने यांच्या बादल्या व डबे कितीही धुतले तरी कोणत्याही कारणासाठी वापरू नयेत. कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचा पुनर्वापर होऊ नये, अशी व्यवस्था 'कीटकनाशक नियम, १९७१' मध्येही करण्यात आली आहे. खाद्यपदार्थांच्या बादल्या भाजीपाल्यासाठी सर्वांत चांगल्या. त्यांतील तेलकटपणा गरम पाणी व सोड्याने काढून टाकावा. घरातील तुटक्या पाण्याच्या बादल्याही तितक्याच चांगल्या.

रंगाच्या बादल्या जाड व टिकाऊ असतात. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असे बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या किंवा लेबल नसलेल्या बादल्यांबाबत खात्री देता येत नाही. म्हणून रंगाच्या बादल्या फुलझाडांसाठी व शोभेच्या झाडांसाठी राखून ठेवणे हे अधिक शहाणपणाचे.

बादलीच्या तळाशी त्रिकोणात अंक छापलेला असल्यास तो पाहावा. २ किंवा ५ हे अंक असलेले प्लॅस्टिक पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन या जातींचे असते आणि बागेच्या कामासाठी चालते. उन्हाने कोणतेही प्लॅस्टिक कालांतराने ठिसूळ होते. बादलीभोवती गोणपाट गुंडाळल्यास तिचे आयुष्य वाढते आणि उन्हाळ्यात मुळेही होरपळत नाहीत. गडद रंगाच्या बादल्यांना तर हे संरक्षण अवश्य द्यावे.

भोके : किती आणि कोठे?

तळाच्या मध्यभागी एकच भोक पाडणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. ते एक भोक मुळांनी अथवा मातीच्या गोळ्याने बुजले की बादली पुन्हा बादलीच होते. २० लिटरच्या बादलीला तळाशी ८ ते १० मिलिमीटर व्यासाची सहा ते आठ भोके पाडावीत. त्यांपैकी बहुतेक तळाच्या कडेजवळ असावीत, कारण बऱ्याच बादल्यांचा तळ मध्यभागी किंचित उचललेला असतो व पाणी कडेला साचते. याखेरीज तळापासून दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर बाजूच्या भिंतीलाही चार दिशांना चार भोके ठेवावीत. तळाची भोके जमिनीला चिकटून बंद झाली, तरी बाजूच्या भोकांतून बरेचसे पाणी निघून जाते.

पुष्कळ बादल्यांच्या तळाखाली एक उंच गोल कडे असते. बादली फरशीवर ठेवली की भोकांतून आलेले पाणी या कड्यात अडकते. कड्याला दोन-तीन ठिकाणी खाचा पाडल्या की ही अडचण दूर होते.

भोके पाडण्यासाठी सुताराचे गिरमिट किंवा हातड्रिल उत्तम. बादली पालथी घालून आतून लाकडाचा ठोकळा लावावा आणि हलक्या हाताने, सावकाश भोक पाडावे, म्हणजे तळ तडकत नाही. खिळा ठोकून भोक पाडल्यास प्लॅस्टिक चिरण्याचा संभव असतो. तापविलेल्या सळईनेही भोके पडतात. परंतु त्या वेळी निघणारा धूर अपायकारक असल्याने हे काम मोकळ्या हवेत आणि प्रौढ व्यक्तीनेच करावे. शाळेत ते विद्यार्थ्यांकडे सोपवू नये.

भोके पाडून झाल्यावर बादली जेथे कायम ठेवावयाची तेथे ठेवून तीत एक तांब्याभर पाणी ओतावे. ते सर्व निघून गेले पाहिजे. तळाशी पाणी राहत असेल, तर जेथे ते साचले आहे तेथेच आणखी एक भोक हवे, असे समजावे. माती भरण्यापूर्वीची ही दोन मिनिटांची तपासणी पुढील चार महिन्यांचे नुकसान टाळते.

खडीचा थर

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची पद्धत जुनी आहे. निचरा होण्यासाठी तेवढे पुरेसे आहे, असा समज त्यातून रूढ झाला. तथापि बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही. वरची माती जवळजवळ चिंब झाल्यावरच ते खडीत पडते. या कारणाने अनेक मृदाशास्त्रज्ञांनी या पद्धतीविषयी शंका घेतली आहे. उलटपक्षी, खडीच्या थरामुळे मातीने धरलेले पाणी काहीसे कमी होऊ शकते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

वाद कसाही मिटो, व्यवहारापुरत्या दोन गोष्टी निश्चित आहेत. खडी भोकांचे काम करू शकत नाही. भोके नसलेल्या बादलीत ती घातल्यास तिच्यातील पोकळीत पाणी साचते आणि ते वरून दिसतही नाही. दुसरे असे की, ३५ सेंटिमीटर उंचीच्या बादलीत पाच सेंटिमीटर खडी घातल्यास मुळांची सातव्या हिश्शाची जागा जाते आणि वजन वाढते ते वेगळेच. तेव्हा भोकांवर माती अडविण्यापुरता नारळाच्या काथ्याचा पातळ थर, मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा किंवा प्रत्येक भोकावर एक खापर पालथे ठेवणे पुरेसे होय.

माती कशी असावी?

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आढळणारी काळी माती कापूस-ज्वारीसाठी वरदान आहे. पण ती जशीच्या तशी बादलीत भरू नये. काळ्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत चिकण मातीचे प्रमाण फार असते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून बादलीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी मातीत न मुरता त्या फटीतून थेट खाली वाहून जाते. कोकणातील जांभ्याची तांबडी माती पाण्याचा निचरा चांगला करते. मात्र तीत पोषकद्रव्ये कमी असल्याने खताची जोड अधिक द्यावी लागते.

सर्वसाधारणपणे एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत आणि एक भाग भरड वाळू किंवा विटांचा भरड चुरा असे मिश्रण समाधानकारक ठरते. माती काळी असल्यास चौथा भाग म्हणून कोकोपीट या नावाने मिळणारा नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा कुजलेला पालापाचोळा मिसळावा. वाळू बारीक असू नये. बारीक वाळू चिकण मातीतील उरलीसुरली पोकळीही भरून काढते. समुद्रकाठची वाळू क्षारयुक्त असल्याने वर्ज्य समजावी. ताजे शेण उष्णता निर्माण करते व कोवळ्या मुळांना अपाय करते, म्हणून तेही टाळावे. मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड घालण्याची पद्धत उपयुक्त आहे.

मातीची उणीव पालापाचोळा व स्वयंपाकघरातील ओला कचरा यांनी भरून काढता येते. कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद दाभोळकर व त्यांचा 'प्रयोग परिवार' यांनी जैविक अवशेषांपासून सुपीक माती तयार करण्याचा विचार महाराष्ट्रात रुजविला. मुंबई बंदर न्यासाच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर, तेथील ओल्या कचऱ्याचा उपयोग करून, या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत भाज्या व फळझाडांची बाग फुलविण्यात आली. जमीन नसलेल्या ठिकाणीही माती 'करता' येते, याचे ते बोलके उदाहरण होय.

बादली काठोकाठ भरू नये. वर चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. मिश्रण दाबून बसवू नये. पहिल्या दोन-तीन पाण्यांनी ते आपोआप खाली बसते. भरून झाल्यावर पाणी घालावे. ते काही मिनिटांतच मुरून तळाच्या भोकांतून दिसू लागले, तर मिश्रण साधले असे समजावे. पृष्ठभागावर तळे राहिले, तर भरड पदार्थ वाढवून मिश्रण पुन्हा तयार करावे.

जागा आणि वजन

भरलेली बादली थेट फरशीवर न ठेवता तीन विटांच्या तुकड्यांवर ठेवावी. त्यामुळे भोके मोकळी राहतात, खालून हवा खेळते आणि फरशीही शेवाळत नाही. भाजीपाल्यास दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी.

ओल्या मिश्रणाने भरलेल्या २० लिटरच्या बादलीचे वजन २५ ते ३० किलोग्रॅम होते. अशा २० बादल्यांचा भार अर्ध्या टनाहून अधिक भरतो. अंगणात याची चिंता नाही. गच्चीवर किंवा सज्जात मात्र बादल्या एका ठिकाणी न गर्दी करता भिंतींच्या व तुळयांच्या रेषेत विखरून ठेवाव्यात. जुन्या शाळा-इमारतींच्या गच्चीवर बाग करण्यापूर्वी बांधकामाच्या जाणकाराचा सल्ला घेणे आवश्यक आहे. निघालेले पाणी गच्चीच्या पन्हळीकडे वाहील, एवढा उतारही पाहून घ्यावा.

पावसाचा हिशेब

तोंडाचा व्यास ३० सेंटिमीटर असलेल्या बादलीत १०० मिलिमीटर पावसाने सुमारे ७ लिटर पाणी पडते. २० लिटर मिश्रणातील एकूण पोकळी साधारणतः निम्मी, म्हणजे १० लिटरांच्या आसपास असते आणि पावसाळ्यात त्यातील बरीचशी अगोदरच पाण्याने भरलेली असते. तेव्हा एका जोरदार पावसाने बादली तुडुंब व्हावी, यात नवल नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी उघड्यावर ठेवलेल्या अशा एका बादलीच्या तोंडावर ६६ लिटरांहून अधिक पाणी पडले असते. बादलीत जितके मावते त्याच्या तिपटीहून ते अधिक आहे. निचऱ्याची व्यवस्था नेहमीच्या पाणी घालण्याच्या मानाने न करता पावसाच्या मानाने का करावी, हे यावरून लक्षात येईल.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण संचयाचे महत्त्व सांगते. पण आरोग्याच्या दृष्टीने बादलीतले तळे घातकच. डेंग्यू व चिकुनगुन्याचा प्रसार करणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अनुकूल हवामानात अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळेच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्याचा आग्रह आरोग्य विभाग धरतो. भोके न पाडलेल्या रिकाम्या बादल्या पालथ्या घालून ठेवाव्यात. भरलेल्या बादल्यांखाली पाणी झेलण्यासाठी ताटल्या ठेवल्या असल्यास त्या पावसाळ्यात काढून टाकाव्यात. इतर काळात त्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासून पुसाव्यात, कारण या डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही.

काय लावावे, पाणी किती द्यावे?

मेथी, पालक, कोथिंबीर यांना माती फार खोल लागत नाही. अर्ध्या भरलेल्या बादलीतही त्या होतात. मात्र ऐन पावसात मेथी व कोथिंबीर कुजतात. दसऱ्यानंतर पेरणी केल्यास त्या चांगल्या येतात. मेथी साधारण महिन्याभरात काढणीस येते. टोमॅटो, वांगे आणि मिरची यांचे एका बादलीत एकच रोप लावावे. भेंडीची दोन रोपे चालतात. कढीपत्ता, तुळस, गवती चहा ही झाडे बादलीत दीर्घकाळ टिकतात. ओलावा प्रिय असणारे अळू हे मात्र निराळे. ज्या बादलीतील निचरा मंद आहे ती अळूसाठी ठेवावी. शेवग्यासारखी मोठी झाडे बादलीत लावू नयेत.

पाणी घालण्याचे वेळापत्रक ठरवून देण्यापेक्षा बोटाची कसोटी अधिक विश्वसनीय आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळातून पाणी निघेपर्यंत द्यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी द्यावे लागेल. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे द्यावे लागणार नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे मातीवर पांढरा थर दिसू लागल्यास एकदा भरपूर पाणी देऊन क्षार तळातून वाहून जाऊ द्यावेत. निचऱ्याबरोबर पोषकद्रव्येही वाहून जातात, म्हणून महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत वरून द्यावे.

शाळा आणि पंचायत

शालेय पोषण परसबागांविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. जागा अपुरी असलेल्या शाळांना भांड्यांतून भाज्या लावण्याचा मार्ग त्यांतही सुचविलेला आहे. बादल्यांची बाग संपूर्ण शाळेच्या भोजनाची गरज भागवील, अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु भाजीत पडणारी मूठभर ताजी कोथिंबीर, खिचडीतील पालक आणि आपण वाढविलेल्या रोपाला लागलेला पहिला टोमॅटो यांचे मुलांच्या लेखी असलेले मोल वजनात मोजता येत नाही. एका वर्गाने एक बादली दत्तक घेतली, तर पावसाचे मोजमाप, क्षेत्रफळाचे गणित आणि केशाकर्षणाचा नियम हे तिन्ही धडे तेथेच शिकविता येतील.

ग्रामपंचायतींना या कामासाठी मोठ्या तरतुदीची गरज नाही. गावातील रिकाम्या बादल्या एकत्र कराव्यात, एखाद्या सुताराकडून एका दिवसात त्यांना भोके पाडून घ्यावीत आणि शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र यांना त्या वाटून द्याव्यात. एवढे काम मृगाच्या सरी येण्यापूर्वी उरकले तर दुहेरी लाभ होईल. उघड्यावर पडून पाणी साचविणाऱ्या बादल्या गावात कमी होतील आणि त्याच बादल्यांतून अंगणवाडीच्या दारी हिरवा पाला उगवेल. अंगणवाडी सेविका, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांनी अशा बागेची पाहणी करताना वरचे रोप जरूर पाहावे. पण त्याआधी बादली किंचित तिरपी करून तिचा तळ पाहावा. तेथील भोके मोकळी असतील, तर वरचे रोप बहुधा तग धरील.